पालवणकर बंधू आणि कर्णधारपद

क्रिकेटचा खेळ इंग्रजांनी या देशात आणला. त्यात जातिभेदाची भर मात्र आपणच घातली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यास युरोपियनांच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखीत व साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत त्यांनी डावखुऱ्या फिरकी गोलंदाजीत असामान्य प्रावीण्य संपादिले. हिंदू खेळाडूंत त्यांस स्थान मिळाले खरे. परंतु मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले, चहा मात्र त्यांस बाहेर, निराळ्या पात्रात दिला जाई. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तथापि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस कधीच लाभले नाही. १९२० साली बंधू विठ्ठल यांचाही हक्क डावलला गेला, तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघांनी निषेधार्थ संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी सामने जिंकले. बाळू १९५५ साली निवर्तले. आपल्या मुलांस या खेळातील धावा व बळी सांगताना हा इतिहासही आवर्जून सांगावा; कारण गुणाची कदर उशिरा करणे हाही अन्यायच होय.