दफ्तरदाराने वाचविलेले नगर

लिस्बन शहर एका दिवसात पाहून होत नाही, असे प्रवासवर्णने आणि वाटाडे एकमुखाने सांगत असले, तरी ज्याला या शहराची केवळ शोभा पाहावयाची नसून त्याचे पूर्ववृत्तही जाणून घ्यावयाचे आहे, अशा मनुष्यास एक उन्हाळी दिवस पुरेसा होतो. कारण या नगरीचे सारे वैभव आणि सारी दुर्दशा तेजू नदीच्या उत्तर काठाने, पूर्वेकडील किल्ल्याच्या टेकडीपासून पश्चिमेकडील बेलेंपर्यंत, सहा-सात किलोमीटरच्या एका अरुंद पट्ट्यात मांडून ठेवलेली आहे. मात्र हा दिवस एकट्याने काढावा. सोबती कितीही रसिक असला, तरी मोडक्या भिंतीपुढे आपण अर्धा तास उभे राहिलो की त्याला भुकेची आठवण होते, आणि जेथून आपणांस दोन मिनिटांत निघावयाचे असते तेथे तो छायाचित्रे काढीत बसतो.

प्रारंभ किल्ल्यापासून करावा हे उचित. कारण शहराचाही प्रारंभ तेथूनच आहे. 1147 साली पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसु एन्रिकेश याने, पवित्र भूमीकडे निघालेल्या इंग्रज, फ्लेमिश व जर्मन धर्मयोद्ध्यांच्या गलबतांना वाटेत थांबवून आणि लुटीचे वचन देऊन, हा किल्ला मूरांकडून घेतला. त्याच किल्ल्याच्या एका बुरुजात 1378 पासून राज्याचे दफ्तर ठेवण्याची वहिवाट पडली, आणि आज शहराच्या दुसऱ्या टोकाला विद्यापीठाच्या परिसरात नव्या इमारतीत असलेला पोर्तुगालचा राष्ट्रीय दफ्तरखाना त्या बुरुजावरूनच ‘तोर्रे दु तोंबु’ हे नाव मिरवीत आहे. तटावरून खाली पाहिले म्हणजे दोन भिन्न शहरे एकमेकांस चिकटून उभी असल्यासारखी दिसतात: डाव्या हाताला, टेकडीच्या उतारावरून नदीपर्यंत कोसळत गेलेली, वाकड्यातिकड्या बोळांची आणि पायऱ्यांची अल्फामा ही जुनी वस्ती, आणि उजव्या हाताला, दोन टेकड्यांमधील सपाट भूमीवर दोरी लावून आखलेल्या काटकोनी रस्त्यांची बायशा. पहिली कोणी आखली हे सांगता येत नाही. दुसरी कोणी, कोणत्या साली, कोणत्या हुकुमाने आणि कोणत्या पैशाने उभी केली याचा कागद न् कागद उपलब्ध आहे. या दोहोंमधील अंतर दहा मिनिटांच्या चालीचे आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहता, त्या अंतरात 1 नोव्हेंबर 1755 ही तारीख उभी आहे.

अल्फामा उतरून नदीच्या बाजूस आले की ‘कासा दुश बीकुश’ ही एक चमत्कारिक हवेली लागते. हिच्या दर्शनी भिंतीचा प्रत्येक दगड हिऱ्यासारखा टोकदार घडविलेला असून, 1523 साली ती बांधणारा गृहस्थ ब्राश द आल्बुकेर्क हा, ज्या अफोंसु द आल्बुकेर्कने 1510 साली आदिलशाहीकडून गोवे घेतले, त्याचा पुत्र होय. बापाने तिकडे मुलूख मिळविला आणि मुलाने इकडे दगडांना हिऱ्यांचे रूप देऊन पितृऋण फेडले, असे थोडे खवचटपणे म्हणता येईल. भूकंपात हिचे वरचे दोन मजले गेले, पुढे खालच्या भागात खारवलेल्या माशांची वखार होती, आणि गेलेले मजले पुन्हा चढावयास विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

तेथून चार पावलांवर नदीकाठचा तो विस्तीर्ण चौक आहे, ज्याला लोक अजूनही ‘तेरैरु दु पासु’, म्हणजे राजवाड्यापुढील पटांगण, म्हणतात. राजवाडा मात्र तेथे नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मानुएल किल्ल्यावरचे निवासस्थान सोडून येथे, गलबतांच्या शेजारी, राहावयास आला, आणि आपल्या महालाच्या तळमजल्यावर त्याने ‘कासा द इंडिया’ ही कचेरी थाटली. पूर्वेकडून येणारी मिरी, दालचिनी, लवंगा येथे उतरत, तोलल्या जात, त्यांवरील सरकारी हक्क वसूल होत असे, आणि गोव्याला जाणाऱ्या आरमारांची सिद्धता, खलाशांचे पगार, नेमणुकांच्या सनदा, हे सर्व येथूनच चाले. खाली मिरीची कोठारे आणि वर सिंहासन, ही रचना युरोपातील इतर दरबारांना हास्यास्पद वाटली, आणि फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्स्वाने मानुएलला ‘वाणी राजा’ म्हटले अशी आख्यायिका आहे. हसणाऱ्यांच्या मनात थोडा मत्सर नव्हता, असे मानण्याचे कारण नाही.

आरमार निघावयाचे ते मार्च-एप्रिलात, म्हणजे आफ्रिकेला वळसा घातल्यावर नैर्ऋत्य मोसमी वारा हाती लागावा. ही वेळ चुकली तर वर्ष चुकले. 4 एप्रिल 1579 रोजी येथून निघालेल्या ताफ्यात टॉमस स्टीफन्स नावाचा एक तरुण इंग्रज जेझुइट होता. तो 24 ऑक्टोबरला गोव्यास उतरला, आणि पुढे साष्टीच्या ख्रिस्ती रयतेसाठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कायमचा दाखल झाला. याच वाऱ्याबरोबर राजाची पत्रे विजरईकडे जात, आणि विजरईची उत्तरे परतीच्या वाऱ्याबरोबर येत. गोव्यातील दफ्तरात ही पत्रे सालवार बांधली गेली, आणि त्या ग्रंथांना नावही ‘मोसमांची पुस्तके’ असेच पडले. आपल्याकडील शिवकाळ व पेशवाई यांवर प्रकाश पाडणारे जे पोर्तुगीज साधन पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या पंडिताने आयुष्य वेचून उजेडात आणले, त्याचा उगम एका अर्थी या चौकातल्या कचेरीच्या शिस्तीत आहे. राज्य करताना पोर्तुगीजांनी अन्याय पुष्कळ केले. पण ते लिहून ठेवण्याची सवय त्यांना होती.

1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांच्या सणाची ती सकाळ होती. साडेनऊच्या सुमारास, देवळे भाविकांनी भरलेली आणि वेद्यांवर मेणबत्त्या लागलेल्या असताना, भूमी हादरली. घुमट आणि कमानी प्रार्थना करणाऱ्यांच्या डोक्यांवर आल्या. जे वाचले ते मोकळ्या जागेसाठी नदीकाठाकडे धावले, आणि तेथे त्यांनी पाणी मागे सरून तळ उघडा पडलेला पाहिला. मग ते पाणी उंच लाटांच्या रूपाने परत आले. या दोहोंतून जे उरले ते मेणबत्त्यांनी आणि चुलींनी पेटलेल्या आगीत पाच-सहा दिवस जळत राहिले. मृतांचे अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत दिले जातात. राजवाडा गेला, त्यातील सत्तर हजार ग्रंथांचे ग्रंथालय गेले, त्याच वर्षीच्या वसंतात मोठ्या थाटाने उघडलेले राजाचे संगीतनाट्यगृह गेले. राजा जुझे बेलेंला असल्यामुळे बचावला. पण दगडी छपराची त्याने अशी धास्ती घेतली की पुढे मरेपर्यंत, म्हणजे 1777 पर्यंत, तो आजुदाच्या टेकडीवर लाकडी महालातच राहिला.

किल्ल्यावरचा दफ्तराचा बुरुजही कोसळला. येथे या कथेत असा एक पुरुष येतो की ज्याचे नाव शहर पाहावयास येणाऱ्या शंभरांतील एकालाही ठाऊक नसते. मानुएल द माइया हा त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, राज्याचा मुख्य अभियंता होता, आणि गेली दहा वर्षे त्या दफ्तराचा मुख्य दफ्तरदारही होता. शहराला पाणी आणणाऱ्या आग्वाश लिव्रेश या प्रचंड जलसेतूच्या कामावरही त्याचा हात फिरलेला होता, आणि तो जलसेतू भूकंपात उभा राहिला. ज्या वयात माणसे तीर्थयात्रेचाही विचार सोडून देतात, त्या वयात या म्हाताऱ्याने ढिगाऱ्यांखालून चार शतकांची सनदपत्रे, नोंदवह्या आणि तहनामे उपसून काढविली, किल्ल्याच्या पटांगणात लाकडी छपऱ्या उभारून त्यांत ती ठेवली, आणि 1757 साली ती साऊं बेंतुच्या मठात सुरक्षित जागी हलविली. आणि हे चालू असतानाच, डिसेंबर 1755 पासून पुढील काही महिन्यांत, शहराचे काय करावे याविषयीचा आपला प्रबंध त्याने टप्प्याटप्प्याने सरकारात सादर केला.

हा प्रबंध नगररचनेच्या इतिहासातील एक शहाणपणाचा कागद आहे. त्यात माइया हट्टाने एकच योजना पुढे रेटीत नाही. तो पर्याय मांडतो. शहर होते तसे बांधावे. किंवा रस्ते तेवढे रुंद करावे. किंवा रस्ते रुंद करून घरे दुमजलीच ठेवावी. किंवा सखल भागातील उरलेसुरले सर्व पाडून तेथे नव्याने आखणी करावी. किंवा जुन्या जागेला रामराम ठोकून बेलेंकडे नवे नगर वसवावे. प्रत्येकाचे गुणदोष तो नमूद करतो, जागामालकांच्या हक्कांचे काय होईल हे सांगतो, आणि निवाडा वरच्यांवर सोपवितो. वरचे म्हणजे नावापुरता राजा, आणि वस्तुतः प्रधान सेबास्तियाऊं जुझे द कार्वाल्यु, जो पुढे पोंबालचा मार्क्विस झाला. त्याने चौथा पर्याय उचलला. एउजेनिउ दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल या लष्करी अभियंत्यांनी नकाशे काढले. लुटारूंसाठी फाशीचे खांब आणि धान्याच्या भावांवर निर्बंध ही व्यवस्था आधीच झालेली होती. राज्यातील प्रत्येक पाद्र्याकडे प्रश्नावली गेली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की ओसरला, किती माणसे मेली. देवाचा कोप म्हणून उपदेश चालला असताना उत्तरे मागणारे हे सरकार त्या काळात विरळाच; ती उत्तरे आज तोर्रे दु तोंबुत आहेत.

बायशात दुपारच्या वेळी, दुकाने भरात असताना, हिंडावे. प्रथमदर्शनी ती कंटाळवाणी वाटते: सारख्या उंचीची घरे, सारख्या खिडक्या, नक्षीचा अभाव, जणू एकाच साच्यातून काढलेल्या विटा. पण या सारखेपणातच तिचा अर्थ आहे, कारण दगडी चौकटी एका मापाने घडवून ठेवल्याशिवाय इतके मोठे शहर इतक्या थोड्या काळात उभे राहिले नसते. भिंतींच्या पोटात तिरप्या तुळयांचा एक लाकडी पिंजरा आहे, जो धक्क्याबरोबर लवतो पण मोडत नाही, आणि त्याची परीक्षा नमुन्याभोवती पलटणी चालवून घेतली असे सांगतात. घराघरांमध्ये छपरावर डोके काढणाऱ्या जाड भिंती आहेत, त्या आग पसरू नये म्हणून. 1760 च्या फर्मानाने धंदेवार रस्ते नेमून दिले, आणि सोनार, चांदीवाले, जिनगर, चांभार, कापडवाले यांची नावे रस्त्यांना अद्याप आहेत. पैसा आला तो व्यापाऱ्यांकडून: त्यांनी आयात मालावर शेकडा चार देणगी कबूल केली, आणि म्हणून राजवाड्याच्या पटांगणाचे सरकारी नाव ‘व्यापार चौक’ झाले. चौकात 1775 साली राजाचा अश्वारूढ पुतळा बसला, त्याच्या बैठकीवर पोंबालचे मुखचित्र होते. दोन वर्षांनी राजा वारला, प्रधान पडला, मुखचित्र काढले गेले, आणि 1833 साली पुन्हा लावले गेले. माइयाचे चित्र या चौकात नाही.

रोसिउ चौकात फार रेंगाळू नये. उत्तरेकडे जेथे आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे तेथे इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा वाडा होता, आणि गोव्याच्या इन्क्विझिशनने शिक्षा देऊन पाठविलेला फ्रेंच वैद्य देलों याच शहरात खलाशी कैद्यांत राबला व पुढे 1687 साली त्याने ती हकीकत छापून जगापुढे ठेवली, एवढे स्मरण पुरे. वर कार्मुच्या मठाच्या छपरावाचून उभ्या कमानी मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत, हे योग्य झाले.

दिवसाचा उत्तरार्ध बेलेंला द्यावा. मिरी व इतर पूर्वेकडील मालावरील शेकडा पाच उत्पन्नातून बांधलेला जेरोनिमुशचा मठ भूकंपातून बहुतांशी सुखरूप राहिला; तेथे वास्को द गामा निजला आहे. पलीकडे नदीच्या पाण्यात पाय बुडवून उभा असलेला बेलेंचा बुरुज आहे, ज्याच्या एका कोठीखाली झिजून ओळखू न येण्याइतका एक गेंडा कोरलेला आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने आल्बुकेर्कला नजर केलेला आणि गोव्याहून 1515 साली येथे उतरलेला तोच हा प्राणी. राजा मानुएलने त्याची हत्तीशी झुंज लावली तेव्हा हत्तीच पळाला म्हणतात. पुढे पोपकडे पाठविताना तो समुद्रात बुडाला. आणखी एक जागा शोधून काढावी लागते: मिठाईच्या प्रसिद्ध दुकानाजवळील एका बोळात पाच कडी असलेला एक दगडी खांब आहे. राजावर गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून 1759 साली तावोरा व आवैरु या सरदार घराण्यांतील माणसांना हालहाल करून मारविल्यावर, पोंबालने आवैरूच्या वाड्याची जमीन नांगरून तीत मीठ पेरविले, आणि येथे कधीही काही बांधू नये असा हुकूम खांबावर कोरविला. आज त्या खांबाला चारी बाजूंनी घरांनी दाबून धरले आहे.

याच पोंबालने 1774 साली गोव्यासाठी सविस्तर हुकूमनामे पाठविले, तेथील इन्क्विझिशन बंद केले (ते चार वर्षांनी परत सुरू झाले आणि 1812 साली कायमचे उठले), आणि रोगराईने ओस पडलेले जुने गोवे लिस्बनप्रमाणेच पुन्हा उभारण्याची आज्ञा दिली. त्याच दशकात मोसमांच्या पुस्तकांपैकी बासष्ट खंड गोव्याहून लिस्बनला आणविले गेले, आणि माइयाने वाचविलेल्या दफ्तरात दाखल झाले. कागद सुखाने आले. नगर मात्र उठले नाही. लिस्बनपाशी शेकडा चार देणारे व्यापारी होते, ब्राझीलचे सोने होते, आणि राहण्यास आतुर असलेली रयत होती. जुन्या गोव्यात ढिगारे उपसणारे मजूर रोगाने दगावू लागले, व्यापार केव्हाच दुसऱ्या बंदरांकडे वळलेला होता, आणि खुद्द विजरई 1759 पासून पणजीस राहत होता. 1843 साली पणजीला राजधानी ठरविणारे फर्मान लिस्बनहून निघाले, तेव्हा त्या मुक्कामाला चौऱ्याऐंशी वर्षे झालेली होती.