महागड्या घरांची डागडुजी

चिरनेरला गेलेला माणूस महागणपतीचे दर्शन घेतो, आणि मग कोणीतरी गावकरी त्याला मंदिरातला एक लोखंडी गज दाखवितो. 25 सप्टेंबर 1930 रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळ्या चालविल्या आणि आठ सत्याग्रही बळी पडले. पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्याच दिवशी मृत्युमुखी पडले. त्या गोळीबाराची खूण म्हणून हा गज दाखविण्यात येतो. आम्हीही तो पाहिला. परंतु खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आम्ही चिरनेरच्या बाजूला आलो होतो ते इतिहासासाठी नव्हे, एका स्नेह्याच्या बंगल्याची गळती पाहण्यासाठी.

या स्नेह्याने निवृत्तीचा सारा पैसा घालून जवळपासचे एक जुने कौलारू घर विकत घेतले होते. अटल सेतू 2024 च्या जानेवारीत सुरू झाला, तो चिर्ल्याजवळ उतरतो. तेव्हा मुंबईकरांना हा मुलूख अंगणासारखा झाला आहे, आणि जमिनीचे भावही त्याच मानाने चढले आहेत. जुन्या घराला 'नवे रूप' देण्याचे काम एका कंत्राटदाराकडे सोपविले. संगमरवरी फरशी, छताखाली दुसरे पांढरे शुभ्र छत, भिंतींना काचेसारखी सफाई. पहिल्या पावसाळ्यात काही दिसले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतींवर कमरेपर्यंत ओल चढली. आम्ही फरशीवर काठी ठोकून पाहिली, तर दहातल्या चार लाद्या डब्यासारख्या वाजल्या. मग बरोबर नेलेल्या म्हाताऱ्या सुताराने खोट्या छताची एक फळी उचकटली आणि हळूच म्हणाला, "दादा, ही तुळई तोडलीय." दोन खोल्यांचे एक दालन करण्यासाठी मधला खांब काढला होता, तुळई अर्ध्यावर कापली होती, आणि तो सारा पराक्रम छताआड झाकला होता. घरात दोन नातवंडे निजत होती.

एवढा पैसा ओतून असे काम कसे होते, हा प्रश्न आम्हाला तेव्हापासून छळतो आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही थोडे मागे गेलो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. राज्यकारभाराच्या या ग्रंथात गडावरील राजमंदिर कसे असावे, हेही सांगितले आहे. भिंती विटेच्या असाव्यात, चुना दाट घालावा, आणि उंदीर, विंचू, किडा-मुंगी यांना राहावयास जागा मिळेल अशी फट कोठे ठेवू नये. छत्रपतींच्या घराचे वर्णन करताना अमात्य झुंबरे आणि गालिचे सांगत बसत नाहीत. ते फट सांगतात! घर उत्तम की नाही, याची त्यांची कसोटी डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी लागते.

शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730 ची आणि वास्तुशांत 22 जानेवारी 1732 ची. खर्च 16,110 रुपये सांगतात. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे. पुढच्या पेशव्यांनी त्यात दालने वाढविली, कारंजी बसविली. म्हणजे ज्याला आपण आज नूतनीकरण म्हणतो, ते तेथे पिढ्यानपिढ्या चालू होते. पण त्या नूतनीकरणात नवे काम जुन्याच जातीचे असे. सागाच्या तुळईला सागाची तुळई, चुन्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा. जुने ते सोने म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. 1828 च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली, तेव्हा हेच लाकूडकाम भस्म झाले. आणि गवंड्यांची लबाडी ही काही आजची गोष्ट नव्हे. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी कायदा लिहविला, त्यात घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्यास देहान्त शासन आहे. आणि नुसती भिंत कलली, तरी ती बांधणाऱ्याने स्वतःच्या पैशाने नीट करावी, असे कलम आहे. लबाडी नसती तर कलम लागले नसते.

मग फरक कोठे पडला? आमच्या मते तो गिलाव्यापाशी पडला, आणि तेथे थोडे थांबणे जरूर आहे.

कोकणातले जुने घर चिऱ्याचे वा मातीचे, जोते उंच, वर लाकडाचा सांगाडा आणि कौले. चुना विरवून मुरत ठेवीत, बैलाच्या घाणीत रेतीबरोबर दळीत, त्यात गुळाचे, हिरड्याचे पाणी घालीत. या कामाला दिवस लागत, आणि ते दिवस मालकाच्या डोळ्यांसमोर जात. असा गिलावा मऊ असतो. पावसाळ्यात भिंत ओल पिते आणि नंतरच्या उन्हात ती ओल गिलाव्यातून बाहेर निघून जाते. सिमेंटचा गिलावा कठीण आणि घट्ट. पोरबंदरला 1914 मध्ये सिमेंटचे उत्पादन सुरू झाले, पुढे हा माल गावोगाव पोहोचला, आणि नव्या बांधकामात त्याने उपकारच केले. पण तोच गिलावा जुन्या मातीच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी थापला की आतली ओल कोंडते. वाट मिळेना म्हणून ती वर चढते, भिंतीला लोणा आणते, आणि शेवटी तुळईचे जे टोक भिंतीत रोवलेले असते, तेथे जाऊन बसते. लाकूड आतून कुजते, बाहेर रंग मात्र ताजा! आमच्या स्नेह्याच्या घरी हेच झाले होते. कंत्राटदाराने हलका माल वापरला असे म्हणावे, तर सिमेंट उत्तम होते. उत्तम माल चुकीच्या अंगावर चढविला होता.

रेतीची कथा तर याहून जुनी आहे. रोमन शिल्पशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस दोन हजार वर्षांपूर्वी बजावून गेला की समुद्राची रेती गिलाव्यात वापरू नये. ती खार सोडते आणि गिलावा फोडते. त्याच्या काळी काँक्रीटात लोखंडी सळई नव्हती. आता ती आहे, आणि खाऱ्या रेतीतले मीठ सळईला गंज आणते. गंजलेले लोखंड फुगते, फुगले की काँक्रीटचे टवके उडवते. उरणच्या खाडीकाठी, जेथे मिठागरांचाच धंदा पिढ्यानपिढ्या चालला, तेथे हे कोणाला समजावून सांगावयास नको. पण मुंबईहून येणारा मालक रेती चाखून पाहत नाही. तो फरशीचा रंग पाहतो.

आणि येथेच आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, असे आम्हाला वाटते. गरिबाच्या घराची डागडुजी उघडी असते. पत्रा गळला तर गळलेला दिसतो. श्रीमंताच्या घराला झाकण्याची साधने पुष्कळ. खोटे छत, लाकडी तावदाने, कागद, संगमरवर. जितका पैसा अधिक, तितके थर अधिक, आणि प्रत्येक थराखाली मागच्या कारागिराची चूक सुखाने झोपते. शिवाय वाढलेली किंमत हीच ग्राहकाला हमी वाटू लागते. इतके पैसे दिले, तेव्हा काम चांगलेच असणार!

कायद्यानेही ही पोकळी पुरी भरलेली नाही. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यात नव्या इमारतीच्या रचनेत दोष निघाला, तर ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो विकसकाने फुकट दुरुस्त करावयाचा आहे. हम्मुराबीच्या कलमाचा हा सौम्य वंशजच म्हणावयाचा. पण तो विकसकाला बांधतो. त्यानंतर हातोडा घेऊन घरात शिरणाऱ्या कंत्राटदाराला नव्हे. त्याच्याविरुद्ध ग्राहक म्हणून दाद मागता येते खरी, पण त्यासाठी लेखी करार आणि पावत्या लागतात, आणि आमच्या स्नेह्याजवळ होत्या फक्त फोनवर झालेल्या गोष्टी. तो फोन आता कोणी उचलीत नाही.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपरला सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसे मेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते आणि त्यात इमारतीच्या आधारांना धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी आपल्या घरात एक खिळाही ठोकला नसेल. आपल्या खोलीतला खांब हा आपला एकट्याचा नसतो, ही साधी गोष्ट चाळीत राहणाऱ्याला कळते, कारण शेजाऱ्याचे जातेही त्याच्या भिंतीतून ऐकू येते. जाड गालिच्यावर चालणाऱ्याला ती विसरावयास सोपी जाते.

त्या बंगल्याचे काय झाले, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. म्हाताऱ्या सुताराने त्याच दिवशी कापलेल्या तुळईखाली दोन टेकू दिले आणि मुलांची अंथरुणे पडवीत हलवावयास लावली. नंतर खोटे छत उतरविले, आतल्या बाजूचे सिमेंट खरवडून काढले, आणि चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधता शोधता दिवाळी उजाडली. नवा खांब दालनाच्या बरोबर मध्ये आला. स्नेह्याच्या सूनबाईंना तो मुळीच आवडला नाही. त्याला लाकडी आवरण घालून वर आरसा लावू या, असे त्यांनी सुचविले. सुतार म्हणाला, "वहिनी, लावा, पण एक बाजू उघडी ठेवा. वाळवी लागली तर मला दिसली पाहिजे."

परत निघताना आम्ही पुन्हा देवळावरून आलो. दर्शनाला आलेला एक मुलगा त्या गजाला हात लावून पाहत होता.