काचेची फुलदाणी : भंगारात देण्याआधी उलटी करून बघा

रोहा, वरसे, पेण, कुठेही जा, जुन्या घराच्या शोकेसमध्ये एक काचेची फुलदाणी दिसते. आत बहुतेक वेळा प्लॅस्टिकची फुलं, वर धूळ. घराचं काम निघालं की ती पहिली भंगारात जाते. जाऊ दे, पण आधी ती आली कुठून ते ऐका.

आपल्याकडे फुलं देवाला, केसात आणि दाराच्या तोरणाला. देठासकट कापून पाण्यात उभी करायची हौस नंतरची. ‘फुलदाणी’ शब्दातलं ‘दाणी’सुद्धा फारसी ‘दान’वरून आलंय, अत्तरदाणीसारखंच. कोकणातली आपली खरी पद्धत वेगळी: सोनचाफा पाण्याने भरलेल्या बाटलीत बुडवून तोंड बंद करायचं. तीही एक फुलदाणीच म्हणा ना!

काच फुंकून भांडी करायची कला साधारण २००० वर्षांपूर्वीची, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरची. पुढे व्हेनिसजवळचं मुरानो बेट आणि मग बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक देशाचा पश्चिम भाग, यांनी तिच्यावर नाव कमावलं. १८२० च्या दशकात अमेरिकेत साच्यात काच दाबायचं यंत्र आलं आणि नक्षीची काच साध्या घरांनाही परवडू लागली.

आता महाराष्ट्र. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला. माणशी एक पैसा! लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काच शिकवायचे. तिथे तयार झालेले कारागीर देशभरच्या कारखान्यांत गेले. पुढे कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी काच कारखाना काढला, तो ‘प्रभाकर’ कंदिलासाठी घरोघरी ओळखला गेला.

कंदील, लक्षात घ्या. फुलदाणी नव्हे. मला हे फार बरोबर वाटतं. एकेक पैसा गोळा करून कोणी शोभेची वस्तू करत नाही, रात्री उजेड लागतो. शोभेची काच बाहेरूनच येत राहिली. १९१४ च्या युद्धात ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल थांबला, तेव्हा ती जागा जपानने घेतली.

म्हणून फुलदाणी उलटी करा. बुडावर ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर ती १९१८ ते १९९२ मधली, कारण तो देश तेवढाच काळ होता. (मधल्या महायुद्धात तर नकाशावरूनही गेला होता.) मध्यभागी खरबरीत ठिपका किंवा घासलेला खळगा असेल तर ती बहुधा हाताने केलेली, कारागीर ज्या सळीवर गरम काच धरतो, ती तोडल्याची ती खूण. बाजूने उभी बारीक रेघ दिसली तर साच्यातली. साच्यातली वाईट असं नाही हं.

नवी घ्यायची असेल तर आधी फूल ठरवा. निशिगंधाला उंच आणि अरुंद गळा हवा, नाहीतर दांडे सगळीकडे पसरतात. शेवंती, झेंडूला बुटकी, रुंद. बूड जड बघा, कोकणातल्या वाऱ्याला खिडकीतली हलकी फुलदाणी टिकत नाही. आणि हात आत जात नसेल तर साफ करायला मूठभर तांदूळ, थोडं व्हिनेगर, पाणी. हलवा आणि ओता.

बुडावर काही लिहिलेलं सापडलं तर फोटो नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!