स्वातंत्र्यदिन कोणता?

श्रोतेहो, एखाद्या देशाने आपला स्वातंत्र्यदिनच बदलला, असं आपण कधी ऐकलं आहे का? फिलिपाईन्समध्ये १९६२ साली तसं घडलं. तोवर सोळा वर्षे तिथले लोक हा दिवस ४ जुलैला पाळीत होते. त्या साली राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी जाहीर केले की, यापुढे स्वातंत्र्यदिन १२ जूनला. १९६४ मध्ये तसा कायदाही झाला.

४ जुलै हा मुळात अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. १९४६ साली अमेरिकेने फिलिपाईन्सवरची सत्ता सोडली, ती याच तारखेला. म्हणजे स्वातंत्र्याबरोबर तारीखही देणाऱ्याचीच! महायुद्धातल्या नुकसानीपोटी द्यायच्या ७ कोटी ३० लाख डॉलरांचे विधेयक अमेरिकी प्रतिनिधिगृहाने १९६२ च्या मे महिन्यात फेटाळले, तेव्हा हे शल्य वर आले. पण ते जुनेच होते.

आता १२ जूनची हकिकत ऐका. स्पेनची सत्ता तिथे तीनशेहून अधिक वर्षे. १८९८ साली त्या दिवशी काविट गावी आपल्या घरी एमिलिओ आगिनाल्दो यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. मार्सेला आगोन्सिलो या बाईंनी हाँगकाँगमध्ये शिवलेला झेंडा तिथे फडकला, बँडवर नवे राष्ट्रगीत वाजले. पण डिसेंबरात पॅरिसच्या तहाने स्पेनने ही बेटे २ कोटी डॉलरांना अमेरिकेच्या हवाली केली. ज्यांचा देश, त्यांना त्या बैठकीत जागाच नव्हती. फेब्रुवारी १८९९ मध्ये लढाई पेटली. अमेरिका तिला बंड म्हणे, फिलिपिनो युद्ध म्हणत. हा शब्दांचा वाद आपल्या शिक्षकबंधूंना काही नवा नाही.

१९०१ साली आगिनाल्दो पकडले गेले, आणि त्याच वर्षी ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून अमेरिकेहून शेकडो मास्तर उतरले. शाळा निघाल्या, मुले शिकली, हे खरेच. पण शिकली ती इंग्रजीतून. १९०७ पासून १९१९ पर्यंत तो काविटचा झेंडा लावणेसुद्धा गुन्हा होता. घरात झेंडा नाही, पुस्तकात लढाई ‘बंड’ म्हणून. पुढच्या पिढीने १२ जून आठवावा तरी कशावरून? १९६२ च्या सोहळ्याला ९३ वर्षांचे आगिनाल्दो स्वतः हजर होते. आपल्याच घोषणेला तिच्या मानाची जागा मिळालेली त्यांनी पाहिली.

इथे गोष्ट संपती तर सोपे होते. पण आगिनाल्दोंची तारीख परत आणायची म्हणजे आगिनाल्दोंनाही परत आणायचे, आणि तिथे गाडे अडते. स्पेनविरुद्धची गुप्त संघटना कातिपुनान १८९२ साली मनिलात स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत आन्द्रेस बोनिफासिओ हा गोदामात काम करणारा माणूस होता आणि पुढे तोच तिचा प्रमुख झाला. पुढे पुढारीपणावरून फूट पडली. मार्च १८९७ च्या निवडणुकीत आगिनाल्दो अध्यक्ष झाले. बोनिफासिओला दुय्यम पद मिळाले, आणि तेवढ्यातही एकाने उठून विचारले, याच्याकडे वकिलीची पदवी कुठे आहे? बोनिफासिओने निवडणूक मानली नाही. आगिनाल्दोंच्या लष्करी न्यायालयाने त्याला दोषी धरले. आगिनाल्दोंनी आधी शिक्षा हद्दपारीवर आणली, मग तो हुकूम मागे घेतला. १० मे १८९७ रोजी डोंगरात बोनिफासिओ आणि त्याचा भाऊ प्रोकोपिओ यांना ठार करण्यात आले.

आता तिथल्या सुट्ट्यांकडे पाहा. डॉक्टर आणि कादंबरीकार होसे रिसाल यांना स्पॅनिशांनी ३० डिसेंबर १८९६ ला गोळ्या घातल्या. त्यांचा स्मृतिदिन मृत्यूच्या तारखेला येतो, आणि तो पाळण्याचा पहिला हुकूम १८९८ साली आगिनाल्दोंनीच काढला. बोनिफासिओचा दिवस मात्र ३० नोव्हेंबरला, म्हणजे जन्मदिवशी. त्याच्या मृत्यूची तारीख पाळायची म्हटली, तर वर्गातले एखादे पोर विचारणारच: गुरुजी, याला मारलं कुणी?