आण्याची रेघ, पैचं घर

माझे आजोबा बांगड्या विकत. भोकरदनकडच्या गावोगावच्या बाजारांत पाटी घेऊन हिंडत. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांची उधारीची एक वही आमच्या घरात अजून आहे. माझा पुतण्या ती संगणकावर उतरवून ठेवत होता. एका संध्याकाळी तो रागानेच माझ्याकडे आला. म्हणाला, ''चाचा, जालन्याच्या शेठजींचं दादांकडे पाच हजार एकशे अकरा रुपये देणं होतं! पाटीवर बांगड्या विकणाऱ्या माणसावर एवढं कर्ज? ही तर लूटच झाली!''

मी वही हातात घेतली. पाचाचा आकडा होता आणि त्याच्यापुढे तीन उभ्या रेघा. पुतण्याने त्यांना तीन एकं समजून टाइप केलं होतं. वहीत होतं ५।।। म्हणजे पाच रुपये बारा आणे. पावणेसहा! शेठजी गेले, दादाही गेले. शेठजींचे नातू मात्र आजही आम्हाला ईदेला भेटायला येतात. ती चूक तशीच राहिली असती, तर एका भल्या माणसावर नसता डाग लागला असता, तोही आमच्याच घरातून.

पुतण्याचा तरी काय दोष? १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. इथे हाली शिक्का चाले, तर इंग्रजी मुलखातला रुपया म्हणजे कलदार. दोन्हींची किंमत वेगळी, पण आणे-पैची वाटणी तीच. 'जालना सोने का पालना' म्हणतात, त्या सोन्याचा हिशेब सोळाने आणि बाराने चालत होता.

आता गंमत पाहा. आपल्याला शून्य ते नऊ एवढेच आकडे ठाऊक. मग सोळाचा हिशेब लिहायचा कसा? जुन्या लोकांनी नवे आकडे काढलेच नाहीत. एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढे एक आडवी, किंचित तिरकी रेघ म्हणजे एक आणा, दोन रेघा म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. उभ्या तीन आणि आडव्या तीन मिळून पंधरा आणे. त्यात एक आणा पडला की रुपया पुरा. एवढ्या रेघांत सोळाचा सगळा हिशेब बसला. पावकी, निमकी, पाऊणकी ही पाढ्यांची पाठांतरं याच हिशेबासाठी होती.

पैचा प्रश्न याहून अवघड. तिथे बारा झाले की आण्याचा हातचा एक. म्हणजे पैच्या जागी दहा आणि अकराही यायचे, आणि दोन्ही दोन-दोन आकड्यांचे. त्यावर तोडगा म्हणजे आखलेली वही. रुपये, आणे, पै अशी तीन घरं. पाच रुपये, तीन आणे, अकरा पै लिहा आणि मधल्या रेघा पुसून टाका. उरतं ५३११. आमच्या घरात झाला तोच घोटाळा.

मुळात बाराच का? कारण बाराचे दोन, तीन, चार, सहा असे सरळ वाटे पडतात. तीन भावांत एक रुपया वाटायचा तर प्रत्येकाला बरोबर पाच आणे चार पै येत. आजच्या शंभर पैशांचे तीन वाटे करा, एक पैसा उरतोच. हाताच्या चार बोटांची पेरं मोजा, अंगठा त्यांवरून फिरवत. बारा भरतात. दादा बांगड्यांचा डझन असाच पेरांवर मोजत.

हेच बारा काही पाश्चात्त्यांनाही भुरळ घालून गेले. सगळं गणितच दहाऐवजी बाराच्या पायावर मांडावं, असं त्यांचं म्हणणं. मग घरं आखून भागत नाही. बारा हेच 'एकावर शून्य' झाल्यावर दहा आणि अकरा यांना एकेक स्वतंत्र आकडा लागतो. लघुलेखनाच्या एका पद्धतीचे जनक आयझॅक पिटमन यांनी एकोणिसाव्या शतकात सुचवलं, की इंग्रजी दोनचा आकडा उलटा करा, तो दहा. तीनचा उलटा करा, तो अकरा. छापखान्यात नवा खिळा ओतायला नको, आहे तोच उलटा बसवायचा! अमेरिकेत १९४४ साली या मंडळींची संस्थाही निघाली. तिथे दहासाठी एक्स आणि अकरासाठी ई ही अक्षरंही वापरली गेली. ती टंकलेखन यंत्रावर आयती होती.

संगणकात प्रत्येक चिन्हाला एक ठरलेला क्रमांक लागतो. जगभरच्या लिपींचे हे क्रमांक 'युनिकोड' या व्यवस्थेत नोंदले जातात. पिटमनच्या उलट्या दोन-तीनला तिथे २०१५ मध्ये जागा मिळाली. आणि आपल्या आण्याच्या रेघांना? त्यांना तर त्याआधीच, २००९ मध्ये मिळाली होती. मोडी लिपी २०१४ मध्ये आली. उर्दू-फारसी हिशेबनिसांची 'सियाक' चिन्हंही २०१८ मध्ये आली. वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या मुलखात या तिन्ही हातांनी लिहिणारी माणसं होती.

पण क्रमांक मिळाला म्हणजे चिन्ह दिसतं असं नाही. त्यासाठी फाँटमध्ये त्याचा आकार काढलेला लागतो आणि कळफलकावर ते उमटवायची सोय लागते. पुतण्याने पाव रुपयाचं खरं चिन्ह शोधून मला मोबाइलवर पाठवलं. माझ्याकडे रिकामा चौकोन आला. शेवटी लोक आम्हा कवींचा दंड उसना घेतात. अभंगाच्या ओळीअखेर येतो तोच. डोळ्यांना तो पाव रुपया दिसतो, पण यंत्राला ते विरामचिन्हच वाटतं. त्याची बेरीज यंत्र कशी करणार? उलट २०१० मध्ये ठरलेलं रुपयाचं नवं चिन्ह पाहा. ते त्याच वर्षी युनिकोडमध्ये गेलं आणि कळफलकांवरही आलं. कारण ते रोज लागतं.

शब्द मात्र चिवट असतात. 'सोळा आणे खरं' आपण अजून म्हणतो. पिकाचा अंदाज सरकारी कागदावर पैसेवारी झाला, तरी पाऊस हुकला की आमचा शेतकरी आणेवारीच विचारतो. शब्द जिभेवर राहिला, रेघ हातातून गेली.

पुतण्याने मग ती नोंद दुरुस्त केली. पानाचा फोटो ठेवला, मूळ रेघा दंडांनी लिहिल्या आणि शेजारी अक्षरांत लिहिलं, 'पाच रुपये बारा आणे'. वहीच्या सुरुवातीला रेघांचा तक्ताही जोडला. तुमच्या माळ्यावर अशी वही असेल, तर ती टाइप करायच्या आधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसापुढे ठेवा. त्यांच्याकडून प्रत्येक रेघेचा अर्थ लिहून घ्या. आणि दादांच्या त्या पानाचा शेवट सांगायचा राहिला. पावणेसहा रुपयांच्या खाली एक आडवा फराटा आहे आणि पुढे दादांच्या हातचा एकच शब्द, 'फिटले'.