परळच्या शिवाचे घाव

१९३१ साली परळमध्ये रस्ता बांधताना एक प्रचंड शिळा सापडली. तिच्यावर शिवाची सात रूपं, पायाशी वाद्यं वाजवणारे गण. उंची साधारण साडेतीन मीटर, काळ ५वं-६वं शतक. आज ती तिथल्याच बारादेवी मंदिरात पुजली जाते. बारकाईने पाहिलं तर काम अर्धवट सुटल्यासारखं वाटतं.

उद्या कुणी ही शिळा लेझरने स्कॅन केली तर? मला काळजी वाटते ती त्यानंतरच्या पायरीची. स्कॅनर हाती देतो ते लाखो सुटे बिंदू, त्यातला प्रत्येक थोडा हललेला. १९९२ साली ह्यूज हॉप आणि सहकाऱ्यांनी त्यावर वाट काढली: प्रत्येक बिंदूपाशी त्याच्या शेजाऱ्यांवरून एक छोटं सपाट प्रतल बसवायचं आणि त्या प्रतलांवरून सलग पृष्ठभाग काढायचा. शेजार जितका मोठा, तितका पृष्ठभाग गुळगुळीत. पण मग स्कॅनरच्या चुकीबरोबर छिन्नीचे घावही पुसले जातात. गणिताला दोन्ही खडबडीतच.

१९९८-९९मध्ये मार्क लेव्हॉय यांच्या चमूने फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोची शिल्पं स्कॅन केली, तेव्हा पाव मिलिमीटरची बारकाई ठेवली. हेतू हाच, की छिन्नीच्या खुणा टिपता याव्यात. अर्धवट राहिलेला सेंट मॅथ्यूही त्यांनी सोडला नाही.

मायकेलअँजेलोची पत्रं तरी आहेत. परळच्या कारागिराचं नावही आपल्याला ठाऊक नाही. त्याचा हात कुठे थांबला, हे फक्त त्या घावांतून कळतं. म्हणून मोबाइलवर फिरवून बघायला गुळगुळीत प्रत जरूर करावी, पण मूळ बिंदू कधीही फेकू नयेत.