चंद्र का फुगतो?
आता हे बघा. रात्रीचं दृश्य आहे, कॅमेरा घराकडे सरकवला की मागचा चंद्रही फुगतो. मुलं म्हणाली, सॉफ्टवेअर बिघडलंय. आम्हीही तेच धरून चाललो, अख्खी संध्याकाळ घालवली! पण दुखणं जुनं आहे. सपाट चित्राजवळ कॅमेरा नेला की सगळंच सारखं वाढतं. डिस्नेच्या स्टुडिओने त्यावर मल्टिप्लेन कॅमेरा बांधला, १९३७च्या ‘द ओल्ड मिल’मध्ये तो वापरला. काचांवर रंगवलेले थर, एकाखाली एक, मध्ये अंतर सोडून. (लोटे रायनिगर यांनी १९२६च्या ‘प्रिन्स अखमेद’साठी काचांचे थर आधीच वापरले होते, हे आपण विसरतो.) आमच्या फाइलमध्ये सगळे थर एकाच अंतरावर होते. चंद्राचा थर खूप मागे ढकलला, लहान दिसला म्हणून तेवढा वाढवला. पुन्हा कॅमेरा सरकवला. घर जवळ आलं. चंद्र जवळजवळ होता तेवढाच.